मोहाची भट्टी छाप्याने विझत नाही

होळीच्या आसपास झाडीपट्टीत मोह गळायला लागतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगड, गोठणगाव, नवेगावबांध या पट्ट्यात अंधार असतानाच बायका टोपल्या घेऊन रानाकडे निघतात. फूल पहाटे गळते आणि ऊन चढायच्या आत वेचावे लागते. बाजूला २०१३ साली झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे. मोहफुले वेचायला गेलेल्या माणसावर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या पूर्व विदर्भात उन्हाळ्यात वाचायला मिळतात. तरीही बायका जातात, कारण धान घरात आलेले असते, पुढचा हंगाम लांब असतो आणि हातात रोख पैसा नसतो.

याच दिवसांत दुसरी एक बातमी येते. अमुक गावाच्या शिवारात हातभट्टीवर धाड, मोहा सडवा नष्ट, ड्रम, जर्मनचे भांडे आणि इतर साहित्य जप्त, आरोपीवर महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ नुसार गुन्हा. बातमी चार ओळींची असते. आठ-पंधरा दिवसांनी त्याच शिवारात पुन्हा धूर निघतो.

आंबेडकरी तरुणांनी या चार ओळींच्या बातमीकडे नीट बघायला हवे. दारू हा आपल्याकडे शीलाचा विषय आहे. पण घरातली भट्टी हा शीलाबरोबर पोटाचा, कायद्याचा आणि जातीचाही विषय आहे. त्यातला एकच धागा पकडून आपण भाषण केले तर टाळ्या मिळतील, भट्टी मात्र सुरूच राहील.

घरातली भट्टी चालते कशी

मोहफुलात साखर भरपूर असते. वाळवलेली फुले पाण्यात भिजत घालून आंबवली की त्याचा सडवा होतो. तो चुलीवर चढवून निघालेली वाफ थंड केली की दारू गळते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. मडके, डेग, नळी, सरपण आणि पाणी, एवढ्यावर काम भागते. म्हणूनच भट्टी फोडणे सोपे आहे आणि पुन्हा उभी करणेही तेवढेच सोपे. छाप्यात जप्त झालेले सामान आठवडी बाजारात मिळते.

मोसमापुरती, घरातल्या कार्यापुरती गाळलेली मोहाची दारू आणि वर्षभर विक्रीसाठी चालणारी भट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रीच्या भट्टीत फुलांबरोबर काळा गूळ येतो, नवसागर येतो. गूळ आणि नवसागर रानात उगवत नाहीत. ते कुणीतरी पोत्याने आणून देतो, कुणीतरी उधारीवर देतो. तयार माल कुणीतरी एकगठ्ठा उचलतो आणि दुसऱ्या गावात नेऊन विकतो. पोलिसांच्या कागदावर मात्र बहुतेक वेळा चुलीसमोर बसलेल्या माणसाचे नाव चढते. अनेकदा ती बाई असते. कधी विधवा असते, कधी नवराच दारूत गेलेला असतो.

या दारूचे माप कुणाकडे नसते. किती कडक आहे, त्यात काय मिसळले आहे, हे पिणाऱ्याला कळत नाही. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे गेली, त्यामागे मिथेनॉल होते. मोह आंबवून तेवढे मिथेनॉल तयार होत नाही. ते कारखान्यातले रसायन आहे आणि जास्त नफ्यासाठी व्यापारी साखळीतला कुणीतरी ते मिसळतो. म्हणजे धोका चुलीपासून सुरू होतो, पण व्यापारात तो जीवघेणा होतो. मेलेली माणसे मजूर वस्तीतली होती, हे वेगळे सांगायला नको.

भट्टी गुन्हा कधी झाली

घरी दारू गाळणे हा गुन्हा ठरला त्यामागे सुरुवातीला नीतीचा विचार फारसा नव्हता. इंग्रज सरकारला महसूल हवा होता. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला आणि दारू गाळणे सरकारी परवान्याखाली आणि मक्तेदारांच्या हातात गेले. १८९२ मध्ये तर खास मोहफुलांसाठीचा कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावरच निर्बंध घातले गेले. झाड गावाचे आणि फूल वेचणारे हात आदिवासींचे होते, पण त्या फुलाचे काय करायचे हे सरकार ठरवू लागले. पूर्व विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात होता, पण परवाना आणि महसुलाचे गणित तिथेही तेच.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. आज तोच महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो. नाव दारूबंदीचे, पण याच कायद्याखाली सरकार देशी-विदेशी दारूचे परवानेही देते. बंदी आणि विक्री एकाच पुस्तकात नांदतात. घरातली भट्टी त्या पुस्तकात फक्त गुन्ह्याच्या पानावर आहे.

बाबासाहेबांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या

इथे आपल्या कार्यकर्त्यांचा नेहमी गोंधळ होतो. बाबासाहेब दारूच्या विरोधात होते, म्हणून ते सरकारी दारूबंदीच्या बाजूने असणार, असे आपण धरून चालतो. इतिहास तसा नाही.

२४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत दारूबंदीच्या मार्गदर्शक तत्त्वावर चर्चा झाली. आजच्या अनुच्छेद ४७ मध्ये ते तत्त्व आहे. आदिवासींच्या वतीने जयपालसिंग मुंडा यांनी विरोध केला. भातापासून केलेली दारू आदिवासींच्या धार्मिक विधीचा भाग आहे आणि तिच्यावर बंदी म्हणजे त्यांच्या हक्कावर घाला आहे, असा त्यांचा मुद्दा होता. बाबासाहेबांनी तो झिडकारला नाही. हे तत्त्व राज्याला मार्गदर्शन करणारे आहे, सक्तीचे नाही, आणि आदिवासी भागांसाठी अनुसूचींमध्ये संरक्षण ठेवले आहे, अशी त्यांची भूमिका होती. सहाव्या अनुसूचीच्या परिच्छेद १२ मध्ये आजही ती तरतूद दिसते. भट्टीवर न गाळलेल्या, नुसत्या आंबवलेल्या दारूवर राज्याने बंदी घातली तरी स्वायत्त जिल्ह्यात ती जिल्हा परिषदेच्या संमतीशिवाय लागू होत नाही. ही अनुसूची ईशान्य भारतासाठी आहे, झाडीपट्टीसाठी नाही. पण आंबवलेले पेय आणि भट्टीची दारू यांत फरक करावा लागतो, हे संविधानानेच मान्य केले आहे.

त्यानंतर १९५१ मध्ये, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा जाहीरनामा आला. त्यात दारूबंदीच्या धोरणावर सरळ टीका आहे. सरकारचा महसूल बुडतो हा एक मुद्दा. दुसरा मुद्दा आपल्या विषयाला थेट भिडतो. बंदीमुळे दारू गाळणे हा घरगुती धंदा झाला. तो बायका-मुलांच्या डोळ्यांसमोर चालू लागला आणि पूर्वी पुरुषांपुरते असलेले व्यसन घरातल्या इतरांपर्यंत पोहोचले, असे त्यात मांडले आहे. आजच्या छाप्यांच्या बातम्या वाचताना हा जाहीरनामा सत्तर वर्षांपूर्वीचा आहे यावर विश्वास बसत नाही.

आणि पुढच्या पाच वर्षांत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात, त्याच बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतली सतरावी दारू न पिण्याची आहे.

यात विसंगती नाही. पोलिसांच्या हातातली बंदी ही एक गोष्ट, आणि माणसाने स्वतः समजून घेतलेले शील ही दुसरी. पहिलीने भट्टी स्वयंपाकघरात लपते. दुसरीने तिची गरज संपते. ज्या भंडारा मतदारसंघातून बाबासाहेबांनी १९५४ ची पोटनिवडणूक लढवली, त्याच जुन्या भंडारा जिल्ह्यातून १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला. हा फरक समजून घेण्याची जबाबदारी आपल्यावर इतरांपेक्षा थोडी जास्तच आहे.

कायद्याचा हात कुणापर्यंत पोहोचतो

बिहारने एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण दारूबंदी केली. नव्या कायद्याखाली पहिली शिक्षा २०१७ मध्ये जहानाबादच्या दोन भावांना झाली. दोघेही मुसहर, दोघेही मजूर. दारू पिल्याबद्दल पाच वर्षांची कैद आणि प्रत्येकी एक लाख रुपये दंड. त्याच बिहारमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूने सत्तरच्या आसपास माणसे मेली. म्हणजे बंदीने गरीब तुरुंगात गेले आणि विषही थांबले नाही.

आपल्या शेजारचा अनुभवही बोलका आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिच्यामागे गावोगावच्या बायकांची मोठी चळवळ होती. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. तीही बायकांच्या मोर्च्यांतून आली होती. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू आणि गुन्हेगारी वाढली, असे कारण सांगितले गेले. त्या बायकांच्या लढ्याला खोटे ठरवण्याचे कारण नाही. त्यांनी मागितली होती दारूपासून सुटका, सरकारने दिली फक्त अधिसूचना. अंमलबजावणी, व्यसनमुक्तीचे उपचार आणि भट्टीवाल्यांसाठी दुसरा रोजगार यांचा पाठपुरावा ढिला राहिला की बंदी तस्करांच्या फायद्याची होते.

गोंदियात जिल्हा बंदी नाही. परवान्याची दुकाने आहेत. ती बंद करण्यासाठी २००८ च्या आदेशाने बायकांच्या हातात ‘आडवी बाटली’ दिली. एकूण नोंदणीकृत महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते बंदीच्या बाजूने पडली तर दुकान बंद होते. पण हातभट्टीला परवानाच नसतो, त्यामुळे तिच्यावर मतदान होत नाही. उलट परवान्याचे दुकान गेले आणि पिणारे तसेच राहिले, तर भट्टीचे गिऱ्हाईक वाढते. मतदान जिंकल्याच्या रात्रीच ही दुसरी लढाई सुरू होते, हे चळवळीने लक्षात ठेवायला हवे.

आणखी एक अडचण आहे. अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्यामुळे मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर नियंत्रणाचे अधिकार ग्रामसभेकडे येतात. गोंदिया जिल्ह्यात गोंड, हलबी वस्ती मोठी असली तरी जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. त्यामुळे शेजारच्या गडचिरोलीतल्या ग्रामसभेकडे जी ताकद आहे, ती प्रतापगडच्या ग्रामसभेकडे नाही.

फूल गावाचे, परवाना दुसऱ्याचा

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचे उत्पादन शुल्क वाढवले. सुमारे १४ हजार कोटी रुपये जादा महसूल मिळेल, असा हिशेब मांडला गेला. ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा धान्यापासूनच्या दारूचा नवा प्रकारही आला. १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत देशीसाठी ८० रुपये, या नव्या प्रकारासाठी १४८ आणि विदेशीसाठी २०५ अशी ठरली. मजुराचा खिसा तेवढाच राहिला. परवान्याची बाटली महागली की पिणारा स्वस्त माल शोधतो, आणि तो चुलीवर गळतो. सरकारने महसूल वाढवण्यासाठी घेतलेला निर्णय गावात भट्टीची जाहिरात ठरू शकतो.

मोहफुलाच्या धोरणाचेही तसेच आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि त्यांची वाहतूक यांवरचे जुने निर्बंध उठवले. हे चांगले झाले. २०२२ मध्ये मोहफुले आणि काजूपासून बनवलेल्या मद्याला ‘विदेशी मद्या’चा दर्जा देण्याचा निर्णय झाला. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून बाजारात आणले आणि ते काम आदिवासी बचत गटांना दिले. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये आदिवासींना घरच्या वापरापुरती मर्यादित सूटही आहे. आपल्याकडे भांडवल असलेल्या परवानाधारकाने मोह गाळला तर तो उद्योग, आणि फूल वेचणाऱ्या बाईने गाळला तर कलम ६५.

आपल्याला भट्टीचा हक्क मागायचा नाही. पण दारू वाईट म्हणून तिला तुरुंगात टाकायचे आणि त्याच दारूतून महसूल मिळतो म्हणून कारखान्याला परवाना द्यायचा, या दुटप्पीपणाला नीतीचे नाव देऊ नका, एवढे तर आपण म्हणू शकतो.

धम्म काय सांगतो

पाचव्या शीलात सुरा आणि मेरय असे दोन शब्द येतात. विनयपिटकात त्यांचा अर्थ उलगडून सांगितला आहे. सुरा म्हणजे पीठ, भात अशा धान्यांपासून केलेली. मेरयाच्या प्रकारांत पहिलेच नाव आहे ‘पुप्फासव’, म्हणजे फुलांपासून केलेली दारू. अडीच हजार वर्षांपूर्वी त्यात कोणते फूल होते याचा वाद नको, पण झाडीपट्टीच्या माणसाला हा शब्द वाचून मोह आठवल्याशिवाय राहणार नाही. ‘मोहाची आहे, औषधी आहे, रानातली आहे’ ही सबब शीलापुढे टिकत नाही.

याच ठिकाणी सागत थेरांची कथा येते. भयंकर नागाला वश करणारे हे भिक्खू. त्यांच्या कौतुकाने भारावलेल्या कौशांबीच्या उपासकांनी घरोघरी दारू तयार ठेवली आणि ते भिक्षेला आले तेव्हा पाजली. शहराच्या वेशीवर सागत कोसळले. ज्याने नागाला हरवले, तो आता पाणसापाशी तरी लढू शकेल का, असा प्रश्न बुद्धांनी विचारला. दारू पाजणारे शत्रू नव्हते, श्रद्धाळू लोक होते. भीमजयंतीच्या मिरवणुकीत पोरांच्या हातात बाटली देणारेही आपलेच असतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. म्हणजे न पिणे पुरेसे नाही. स्वतः एक थेंबही न घेता भट्टीला गूळ पुरवणारा, माल वाहून नेणारा, व्याजाने पैसे लावणारा आणि दारूच्या पैशावर निवडणूक लढवणारा माणूस पौर्णिमेला विहारात पांढरे कपडे घालून बसला तरी सम्यक आजीविकेपासून दूरच आहे. आपण पिणाऱ्याला हिणवतो आणि व्यापार करणाऱ्याकडून वर्गणी घेतो. इथे आपली तपासणी व्हायला हवी.

आणि शेजाऱ्याचे काय? गोंड घरात पूजेला मोहाची दारू लागते. प्रतापगडच्या परिसरात १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तेही बौद्ध आहेत, आणि तिबेटी लोकजीवनात छांग ही धान्याची आंबवलेली दारू जुनी आहे. दुसऱ्याच्या चालीरीतींवर आपले शील लादणे हा धम्म नाही. शील घेतले जाते, ठोठावले जात नाही. आपला आग्रह स्वतःपाशी, आपल्या घरापाशी आणि विक्रीच्या धंद्यापाशी असावा. आदिवासी बांधवाला ‘दारुडा’ म्हणणाऱ्या सवर्ण भाषेत आपणही बोलू लागलो, तर बावीस प्रतिज्ञांमधून आपण काय घेतले?

मग काय करायचे

एक, गावातल्या भट्ट्यांची नावे पोलिसांना देण्याआधी त्यांची कारणे गोळा करा. कोण गाळते, किती वर्षांपासून, कर्ज कुणाचे, गूळ-नवसागर कोण आणतो, माल कुठे जातो. चार घरांत बसून ऐकले की साखळी दिसते. तक्रार करायचीच तर वरच्या टोकाची करा.

दोन, २०१६ च्या दुरुस्तीने अवैध दारूविरुद्ध ग्रामरक्षक दलाची तरतूद केली आहे. ग्रामसभेतून हे दल उभे राहू शकते. त्यात आपल्या बायका आणि आदिवासी बायका दोघी असाव्यात. नुसत्या पोरांचे दल झाले की चार दिवसांत त्याची दादागिरी होते.

तीन, मोहफुलाला दारूशिवाय भाव मिळवून द्या. वन हक्क कायदा २००६ अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागू आहे आणि गौण वनोपजावर मालकी देतो. आदिवासींबरोबर इतर पारंपरिक वननिवासीही दावा करू शकतात. तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. जंगलाला लागून असलेल्या गावांतल्या बौद्ध कुटुंबांनी आदिवासी शेजाऱ्यांसोबत एकाच सामूहिक दाव्यात यावे. छत्तीसगडमधील कोरबा भागातून २०२१ मध्ये वाळवलेली मोहफुले फ्रान्सला गेली. झाडाखाली जाळी बांधून स्वच्छ वेचलेले, नीट सुकवलेले फूल खाद्यपदार्थ म्हणून विकता येते. लाडू, मनुके, पाक असे पदार्थ बचत गट करतातच. अडचण असते साठवणीची. मोसमात हातात पैसा नसल्याने बाई फूल मातीमोल विकते आणि उरलेले सडव्यात जाते. गटाने मोसमात थोडी रोख उचल दिली आणि फुले कोरड्या जागी ठेवली तरी निम्मी लढाई होते. विहाराची खोली यासाठी का वापरू नये?

चार, पिणाऱ्याला आजारी माणसासारखे वागवा. रोज पिणाऱ्याने एकदम दारू सोडली तर झटके, भ्रम असा जिवाला धोका होऊ शकतो. त्याला खोलीत कोंडून शपथ घालू नका, सरकारी दवाखान्यात न्या.

पाच, वर्षावासातल्या प्रवचनांत एक दिवस सम्यक आजीविकेसाठी राखून ठेवा आणि त्या दिवशी भट्टी चालवणाऱ्या आयाबहिणींना समोर बसवा, पाठीमागे नाही. त्यांना बोलू द्या.

सिगालोवाद सुत्तात दारूचे सहा तोटे सांगितले आहेत. धन जाते, भांडणे वाढतात, रोग जडतो, अब्रू जाते, लाज सुटते, बुद्धी दुबळी होते. या यादीत सर्वांत आधी धन आहे. मोह वेचायला वाघाच्या रानात जाणाऱ्या बाईला ते कुणी शिकवायची गरज नाही. तिच्या घरातले धन गुत्त्यावर कसे जाते, तिला रोज दिसते. तिला दुसरा रस्ता हवा आहे. पुढच्या होळीला मोह गळायच्या आत तो रस्ता थोडा तरी तयार करता येईल का, हा प्रश्न आपल्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला असू द्या.

जय भीम. नमो बुद्धाय.